आखाडाचा पाहुणा

सुप्याच्या एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे, तिथं दोन वर्षांपूर्वी एक नवीन मशीन आलं आणि ते बसवायला जपानहून एक इंजिनिअर आला. पंचावन्नच्या आसपासचा, बारीक अंगाचा, डोक्यावरची टोपी सहसा न काढणारा माणूस. सहा महिने आम्ही शेजारी शेजारी काम केलं. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच कच्चं, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. जिथं अडायचं तिथं मोबाईल भाषांतर करून द्यायचा, आणि मोबाईललाही उमगेनासं झालं की आम्ही पुठ्ठ्यावर चित्र काढायचो.

मशीन चालू झालं त्या संध्याकाळी कंपनीनं नगरच्या एका हॉटेलात जेवण दिलं. बिअर आली. मी माझा ग्लास तीन-चार घोटांत संपवून खाली ठेवला. ती माझी सवय होती. मी प्यायला शिकलो आयटीआयला असताना, पाथर्डीच्या स्टँडमागं. चौघांत एक बाटली, तीही उभ्यानं, एसटी सुटायच्या आत. वरून मूठभर बडीशेप. दारू चव घेत प्यायची असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पुरावा नष्ट करावा तशी ती लवकरात लवकर संपवायची, एवढंच ठाऊक होतं. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, तरी घोट तसाच राहिला. आईसमोर तर कधीच नाही.

ग्लास खाली ठेवल्याबरोबर पाहुण्यानं दोन्ही हातांनी बाटली धरली आणि अदबीनं माझा ग्लास भरला. मी संपवला. त्यानं पुन्हा भरला. चौथ्या वेळी मी ग्लासावर हात ठेवून म्हटलं, बास. तो हसला.

"मग रिकामा करू नका," तो म्हणाला आणि त्यानं स्वतःचा ग्लास माझ्यासमोर सरकवला. तासाभरापूर्वी मीच भरून दिलेला तो ग्लास जेमतेम दोन बोटं उतरला होता.

त्यानं समजावून सांगितलं. त्यांच्याकडे स्वतःच्या ग्लासात स्वतः ओतायचं नसतं, शेजाऱ्यानं ओतायचं. त्यामुळे सगळे एकमेकांच्या ग्लासांकडे लक्ष ठेवून असतात. रिकामा ग्लास म्हणजे 'अजून चालेल'. भरलेला ग्लास म्हणजे 'मला पुरे झालं'. तोंडानं नाही म्हणायची वेळच येत नाही, कुणाला वाईट वाटत नाही. मध्ये मध्ये तो भात खात होता, मासा खात होता, पाणी पीत होता. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं. घरी जाऊन मी बायकोलाही ते सांगितलं.

आणि महिन्याभरानं त्याच माणसाला मी आमच्या आखाडाच्या जेवणाला घेऊन गेलो.

आखाडाचं जेवण म्हणजे श्रावण लागायच्या आधीचं मटण. आमचं गाव तिसगावपासून सात-आठ किलोमीटरवर. आमचं म्हणायचं, पण ते माझं आजोळ. मी सहा वर्षांचा असताना वडील गेले आणि आई मला घेऊन माहेरी आली, ती कायमचीच. मामांनी मला वाढवलं, शिकवलं. मामा आईचे थोरले भाऊ, आता सत्तरीला टेकलेले. जपानी पाहुणा येणार म्हटल्यावर त्यांनी चार दिवस आधी नगरहून भारी बाटल्या मागवून ठेवल्या होत्या.

रविवारी सकाळी गाडीतून जाताना पाहुण्यानं विचारलं, तुमच्याकडे काय पाळावं लागतं? मी म्हटलं, "फार काही नाही. फक्त माझे मामा घरातले मोठे आहेत. ते जे देतील त्याला नको म्हणू नका. पाहुण्यानं नको म्हटलेलं आमच्याकडे बरं दिसत नाही."

मी मटण-भाकरीबद्दल बोलत होतो.

बैठक विहिरीजवळच्या लिंबाखाली होती. मामा आणि त्यांच्या वयाचे चार-पाच गडी. मटण गावातल्या घरी शिजत होतं, कारण बायकांनी इकडं यायचं नसतं. आधी प्यायचं आणि मग जेवायचं, हाही आमच्याकडचा नियम. पोटात अन्न असलं की चढत नाही, मग उपयोग काय, असं त्यामागचं शास्त्र. चाखायला शेंगदाणे आणि कांदा. ग्लास स्टीलचे. रस्त्यानं जाणाऱ्याला, लांबून एखाद्या बाईमाणसाला दिसू नये म्हणून आमच्याकडे पिण्यासाठी कायम स्टीलचे ग्लास काढतात. चहाचा घोट घेतोय की पाण्याचा की आणखी कशाचा, लांबून कुणाला कळत नाही.

मामांनी बोट बुडवून चार थेंब जमिनीवर उडवले. पाहुण्यानंही तसंच केलं. सगळ्यांना ते फार आवडलं. "आपल्यातलाच हाय की!" एक जण म्हणाला.

एवढं बघून मी जेवण आणायला गावात गेलो. भाकरी अजून व्हायच्या होत्या. आई चुलीपुढं, मामी परातीशी. मी ओट्यावर बसलो, चहा घेतला, शेजाऱ्यांशी बोललो. तासभर गेला, कदाचित जास्तच. शेवटी मटणाचं पातेलं गाडीत पुढच्या सीटपाशी ठेवलं, आणि ते पायांत धरून, भाकरीची पाटी मांडीवर घेऊन आई पुढं बसली. ती एरवी पुरुषांच्या बैठकीकडे कधी येत नाही. त्या दिवशी आली, कारण मी गाडी चालवताना पातेलं हिंदकळू नये म्हणून धरायला कुणीतरी हवं होतं आणि मामीचे गुडघे दुखत होते. तिथं पोचताच परत फिरायचं असं ठरवून ती आली होती.

गाडीतून उतरलो तर बैठकीत हसण्याचा आवाज. पाहुणा घोंगडीवर उताणा झोपलेला, टोपी बाजूला पडलेली.

"लई गोड मानूस," मामा म्हणाले. "गानं बी म्हनला. ग्लासाला न्हाई म्हनून म्हनला न्हाई. आता पडलाय जरा. पडू दे."

मी म्हटलं बरं, आणि पातेलं उतरवायला वळलो. खरंच एवढंच केलं मी. पातेलं उतरवायला वळलो.

आईच्या हातातली पाटी खाली पडली. भाकरी मातीत गेल्या. मी मागं बघितलं तोवर ती घोंगडीपाशी पोचली होती. साठीची बाई, कधी कुणा परक्या पुरुषाशी नजर वर करून न बोललेली, ती त्या जपानी माणसाशेजारी गुडघे टेकून बसली आणि तिनं कान त्याच्या तोंडाशी नेला. मग मलाही ऐकू आलं. घोरणं वाटावं असं, पण घोरणं नव्हे. घशात पाणी खुळखुळावं तसा आवाज, मध्येच थांबणारा.

"उताना का ठेवलाय ह्याला?" आई ओरडली. मी तिला एवढ्या मोठ्यानं ओरडताना त्याआधी ऐकलं नव्हतं. "मारायचाय व्हय?"

तिनं त्याचा लांबचा गुडघा उभा केला, लांबचा हात त्याच्या छातीवरून आपल्याकडे ओढला, आणि गुडघ्याला एक हात, खांद्याला एक हात लावून त्याला एका झटक्यात कुशीवर घेतलं. त्याच्या गालाखाली त्याचाच तळहात सरकवला, हनुवटी वर केली. वळवल्याबरोबर त्याच्या तोंडातून भडाभडा सगळं बाहेर आलं आणि घोंगडीवरून मातीत वाहत गेलं. तो उताणा असता तर ते सगळं कुठं गेलं असतं, हे कळायला मला दोन क्षण लागले.

एक जण कळशी घेऊन आला, डोक्यावर पाणी ओतायला. आईनं त्याला हातानंच मागं लोटलं. दुसरा म्हणाला, "लिंबू पिळून पाजा." तिसरा म्हणाला, "कांदा हुंगवा."

"काय बी पाजायचं न्हाई!" आई म्हणाली. "शुद्धीत न्हाई त्यो. घशात जाईल. दादा, तुमी बाजूला व्हा. बाळा, गाडी लाव हिथं."

मी गाडी लावली. चौघांनी पाहुण्याला मागच्या सीटवर ठेवलं, आई त्याच्यामागं अवघडून बसली आणि त्याला कुशीवर धरून ठेवलं. तिसगावच्या दवाखान्यापर्यंत तिनं एक बोट त्याच्या नाकाखालून काढलं नाही. मला म्हणत राहिली, "चाललाय श्वास. तू रस्त्याकडं बघ. चाललाय."

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी तपासलं, सलाईन लावलं, ऑक्सिजन लावला, रक्तातली साखर बघितली. अर्ध्या तासानं बाहेर येऊन म्हणाल्या, "वाचतील. पण रात्रभर इथंच ठेवायचं. पोट रिकामं आणि तासाभरात एवढी? यांना कुशीवर कुणी केलं?"

मी आईकडे बोट दाखवलं.

"वेळेवर केलंत, आजी," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

आई बाहेरच्या बाकावर बसली होती. लुगड्यावर डाग पडले होते, तिचं तिकडं लक्ष नव्हतं. मामा पाठोपाठ कुणाच्या तरी मोटारसायकलवर येऊन पोचले होते आणि भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. मी आईशेजारी बसलो. मला वाटलं, गावात आरोग्याच्या ताईंनी काही शिकवलं असेल, टीव्हीवर बघितलं असेल.

"आई, तुला कसं माहीत हे?"

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुजा बाप असाच गेला."

मला आधी नीट ऐकू आलंय असंच वाटेना. माझे वडील तापानं गेले होते. ऊसतोडीला गेले, तिकडे ताप आला, दवाखान्यात नेईपर्यंत गेले. हे मी शाळेच्या अर्जात लिहिलं होतं, विम्याच्या कागदावर लिहिलं होतं, सोयरीक जमताना सासऱ्यांना सांगितलं होतं. त्याच्या जोडीला मामांनी शिकवलेलं आणखी एक वाक्य मी जन्मभर अभिमानानं म्हणत आलो होतो: माझ्या बापानं दारूला कधी हात लावला नाही.

"पेत हुते?" मी विचारलं.

"पेताड न्हवता त्यो," आई एकदम म्हणाली, जणू मी त्यांच्यावर आळ घेतला. "वर्साकाठी दोनदा-तीनदा. तेवढंच."

मग तिनं सांगितलं. साखर कारखान्याचा पट्टा पडला होता, म्हणजे हंगाम संपला होता. मी तेव्हा गावी आजीपाशी होतो. सहा महिने उसात काढून टोळी घरी निघायची होती. मुकादमानं बोकड कापला, दारू आणली. दुपारची वेळ. ट्रक यायच्या आत उरकायचं म्हणून गड्यांनी भराभर घेतली. कोण आधी ग्लास उपडा करतो, अशी चढाओढ लागली. वडील जिंकले. हसत हसत पाचटाच्या कोपीत आले आणि चटईवर उताणे पडले.

"मी भांडी बांधत हुते," आई म्हणाली. "घोरत हुता. मला बरं वाटलं, म्हनलं दमलाय, झोपू दे घटकाभर. गार वारं सुटलं हुतं म्हनून मी गोधडी घातली अंगावर. घोरायचं थांबलं तवा मला वाटलं, गाढ झोप लागली."

तिनं लुगड्याचा पदर हातात घेतला आणि पुन्हा सोडला.

"ट्रक आला तवा उठवाय गेले. सरकारी दवाखान्यात नेलं. तिथली नर्स म्हनली, बाई, नुसतं कुशीवर केलं असतंस तरी वाचला असता. ओकारी घशात अडकली त्याच्या. मी म्हनलं, कसं करायचं असतं कुशीवर? तिनं तिथंच फरशीवर मला झोपवून दावलं. काय उपेग तवा. पर मी बगून घेतलं."

आईचं वय तेव्हा सव्वीस असेल. माझ्या मनात एकच चित्र राहिलं, आणि ते आजही जात नाही. वडील घोरायचे थांबलेत, आणि शेजारी बसून ती भांड्यांची गाठ बांधतेय, बरं झालं शांत झोपले म्हणून.

मग मी मामांकडे बघितलं. मामांना हे माहीत होतं. त्या टोळीत मामाही होते, हे आईनंच सांगितलं. त्यांनीच 'ताप' हा शब्द ठरवला होता, विधवा बहिणीला आणि तिच्या पोराला कुणी दारुड्याची म्हणू नये म्हणून. हे सगळं माहीत असलेला माणूस त्या दुपारी लिंबाखाली बसून पाहुण्याचा ग्लास पुन्हा पुन्हा भरत होता. मला इतका संताप आला की मी उठून त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"मामा, तुम्हाला माहीत होतं!"

त्यांनी मान वर केली नाही. "हुतं," म्हणाले. "पर पाव्हना म्हनून... पाव्हन्याचा ग्लास रिकामा कसा ठेवायचा?" आणि सत्तर वर्षांचा तो माणूस गुडघ्यांत डोकं घालून हुंदके द्यायला लागला. आई उठली, त्यांच्याजवळ जाऊन बसली. मी गाडीत जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणा उठून बसला होता. चेहरा राखेसारखा. मला बघताच त्यानं मान खाली घातली. मी विचारलं, "तुम्ही तर ग्लास भरलेला ठेवता. मग काल काय झालं?"

त्यानं हळूहळू सांगितलं, आणि ते ऐकताना मला माझीच लाज वाटली. त्यानं ग्लास भरलेलाच ठेवला होता. पहिल्या ग्लासातले दोन घोट घेऊन तो थांबला होता. पण ग्लास स्टीलचा. तो भरलेला आहे हे कुणाला दिसणार? मामा दर थोड्या वेळानं ग्लास उचलून वजन बघायचे, हसायचे आणि हातानं खूण करायचे, संपवा. आणि मी गाडीत सांगितलं होतं, मामांना नको म्हणू नका. म्हणून तो संपवायचा. संपवला की मामा भरायचे, कारण आमच्याकडे रिकामा ग्लास म्हणजे यजमानाची नाचक्की. असं तासभर चाललं. दोघंही एकमेकांचा मान राखत होते.

"मला समजायला हवं होतं," तो म्हणाला. मग त्यानं जे सांगितलं त्याची मला अपेक्षा नव्हती. तो नोकरीला लागला तेव्हा पहिल्या वर्षाच्या पोरांना वरिष्ठ एका दमात ग्लास संपवायला लावायचे, बाकीचे टाळ्या वाजवायचे. त्याच्या वसतिगृहातला, शेजारच्या खोलीतला मुलगा तसाच गेला होता. सकाळी उताणा सापडला. "तेव्हापासून मी ग्लास भरलेला ठेवतो," तो म्हणाला. मला वाटत होतं, ही त्यांची जुनी, शहाणी रीत. होतीही. पण या माणसानं ती धरून ठेवली होती ती एका मेलेल्या दोस्तापायी. आणि तरीही काल वडीलधाऱ्या माणसानं ग्लास पुढं केला तेव्हा त्याच्या तोंडून 'नाही' निघालं नव्हतं.

आई पेज घेऊन आली तेव्हा तो पलंगावरून उतरला, सलाईनच्या नळीसकट, आणि तिच्यासमोर कमरेत पार वाकून उभा राहिला. आई दचकून दोन पावलं मागं सरली. मला म्हणाली, "आरं, बसव त्याला. पडंल त्यो." मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "खाऊन घ्या आदी. आन् पुन्यांदा कुनी भरला तर ग्लास उपडा घाला. मानूस रागावंल, रागावू द्या." मी भाषांतर केलं. त्यानं पुन्हा मान लववली.

मी मामांशी चार महिने बोललो नाही. दिवाळीला आईनंच मला बळंबळं नेलं. मामा म्हणाले, "तुज्या बापाला मी थांबवलं न्हाई. मी बी टाळ्या वाजवल्या." मी त्यांच्या पाया पडलो.

गेल्या वर्षी आखाडात मामांनी जेवण आधी वाढायला लावलं. भाकरी, मटण, पोटभर. नंतर ज्याला घ्यायची त्यानं घ्यावी, आणि काचेच्या ग्लासात, आणि ज्याची त्यानं ओतून घ्यायची. त्यांच्या दोस्तांपैकी एक जण वैतागला. "जेवल्यावर चढती का कुठं?"

"म्हनूनच," मामा म्हणाले.

निम्मे गडी तसेच उठून गेले. यंदा कोण येईल माहीत नाही.

त्याच वर्षी दसऱ्यानंतर गावातून ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या होत्या. मी सुट्टीला गावी गेलो होतो. आईनं शेजारपाजारच्या सात-आठ बायका अंगणात बोलावल्या, बहुतेक पोरसवदा, पहिल्या-दुसऱ्या वेळेला कोयत्यावर निघालेल्या. मला म्हणाली, "झोप."

"कुठं?"

"हिथं. उताना."

मी अंगणात उताणा झोपलो. बायका पदराआड हसायला लागल्या. आईनं हसू दिलं. मग म्हणाली, "माजा नवरा तापानं गेला असं मी तुमास्नी सांगत आले. त्यो तापानं न्हाई गेला." आणि तिनं त्यांना सगळं सांगितलं, गोधडी घातल्याचंसुद्धा. मी आकाशाकडे बघत पडलो होतो. हसणं कधी थांबलं ते कळलं नाही.

मग तिनं एकीला पुढं बोलावलं. ती माझ्या खांद्याला धरून ओढायला लागली. मी जड, हलेना.

"आसं न्हाई. गुडगा उभा कर आदी. मग आपसूक येतोय."

तिनं गुडघा उभा केला, आणि मी वळलो. गाल मातीला लागला.

"आन् एवढं करून बी उठला न्हाई तर?" त्या पोरीनं विचारलं.

"तर दवाखाना. आन् गाडी येईस्तोवर बसून ऱ्हायाचं त्याच्यापाशी," आई म्हणाली. "भांडी बांदाय जायाचं न्हाई."

मग दुसरी पुढं आली, आणि मी पुन्हा उताणा झालो.